सिंगापूर : शस्त्र खाली ठेवल्यानंतर

सिंगापूरच्या सहलीत सेंटोसा बेट असतंच. तिथल्या सिलोसो किल्ल्यात ब्रिटिशांच्या आणि जपान्यांच्या शरणागतीचे प्रसंग मेणाच्या पुतळ्यांनी उभे केले आहेत. घोळका दहा मिनिटांत तिथून बाहेर पडतो आणि केबल कारच्या रांगेकडे वळतो. मला त्या पुतळ्यांच्या मूळ जागा पाहायच्या होत्या. शरण गेलेल्या माणसाचं पुढं काय झालं, त्याला कुणी कैदी मानलं, कुणी मानलं नाही आणि त्याला मारणं गुन्हा केव्हापासून ठरलं, हे सगळं या एका लहानशा बेटावर मेट्रो आणि बसनं फिरून पाहता येतं. सहलीच्या कागदावर यातलं फारसं काही नसतं.

सुरुवात अपर बुकिट तिमा रस्त्यावरच्या फोर्ड कारखान्यापासून करावी. १९४१ मध्ये सुरू झालेला हा कारखाना आग्नेय आशियातला फोर्डचा मोटारी जोडण्याचा पहिला कारखाना होता. इमारतीचा दर्शनी भाग अजून तसाच, सरळ रेषांचा, पांढरट आहे. १५ फेब्रुवारी १९४२ च्या संध्याकाळी लेफ्टनंट जनरल आर्थर पर्सिव्हल इथं चालत आले. त्या वेळचं छायाचित्र प्रसिद्ध आहे : ढगळ अर्ध्या विजारीतले चार ब्रिटिश अधिकारी, एकाच्या खांद्यावर युनियन जॅक, दुसऱ्याच्या खांद्यावर पांढरं निशाण. ज्या खोलीत पर्सिव्हल आणि जपानी सेनापती यामाशिता समोरासमोर बसले ती खोली काचेपलीकडे मांडून ठेवली आहे. मूळ टेबल मात्र कॅनबेराच्या युद्धस्मारकात गेलं आहे.

बोलणी तासाभरात उरकली. यामाशितांचा तोफगोळ्यांचा साठा संपत आला होता आणि शहरातल्या गल्ल्यांत लढायची वेळ येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. पर्सिव्हलना ते ठाऊक नव्हतं. शहरात दहा लाखांच्या आसपास माणसं कोंडलेली, पाणीपुरवठा तुटत चाललेला, इस्पितळं भरून वाहत असलेली. रात्री साडेआठला तोफा थांबल्या. बेटावरचे सुमारे ८५,००० सैनिक कैदी झाले. चर्चिल यांच्या दृष्टीनं ब्रिटिश इतिहासातली ही सर्वांत वाईट आपत्ती होती आणि पर्सिव्हल यांच्या नावाला ती कायमची चिकटली. आपण मराठी माणसं पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले याला शहाणपण म्हणतो, कारण पुढं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. पर्सिव्हलनी त्या दिवशी काय वाचवलं याचा हिशेब करायला फारसं कुणी तयार नसतं. त्या खोलीसमोर उभा राहून मला तो हिशेब करावासा वाटला. शहर घरोघरी लढवलं असतं तर मेलेल्यांत गणवेशातल्या माणसांपेक्षा चिनी, मलय आणि तमिळ बायकापोरं कितीतरी जास्त असती.

पांढरं निशाण ज्याच्या खांद्यावर होतं तो मेजर सिरिल वाइल्ड. युद्धापूर्वी तो जपानमध्ये एका तेल कंपनीत नोकरीला होता, जपानी उत्तम बोलायचा, म्हणून दुभाषा. हे नाव लक्षात ठेवावं, कारण या प्रवासात तो पुढं पुन्हा भेटतो.

कारखान्यातल्या प्रदर्शनाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. २०१७ मध्ये नूतनीकरणानंतर या दालनाला ‘शोनान दालन’ असं नाव दिलं गेलं. शोनान हे जपानी राजवटीनं सिंगापूरला दिलेलं नाव. शहरातल्या वृद्धांना, विशेषतः चिनी कुटुंबांना, ते सहन झालं नाही. शरणागतीनंतरच्या दिवसांत ‘सूक चिंग’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या मोहिमेत जपानी सैन्यानं चिनी पुरुषांना चाळणी लावून वेगळं काढलं आणि समुद्रकिनाऱ्यांवर नेऊन मारलं. मेलेल्यांचा आकडा जपान्यांनी ५,००० च्या आसपास सांगितला, चिनी समाज तो याच्या कित्येक पट मानतो. ज्यांच्या घरातून माणसं अशी गेली त्यांनी त्या नावाच्या पाटीखालून आत जावं, अशी अपेक्षाच चुकीची होती. काही दिवसांत सरकारनं नाव बदललं, ते योग्यच झालं.

हे मारणं सहीच्या आधीच सुरू झालं होतं. शरणागतीची सही होण्याच्या आदल्याच दिवशी अलेक्झांड्रा इस्पितळात जपानी सैनिक शिरले होते. पांढरं निशाण घेऊन सामोरा गेलेला अधिकारी संगिनीनं मारला गेला, मग डॉक्टर, शुश्रूषा करणारे, शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे रुग्ण. दोनशेच्या आसपास माणसं गेली. ते इस्पितळ आजही चालू आहे, बागेत एक फलक आहे. त्याआधी, जानेवारीत, सामुद्रधुनीपलीकडे जोहोरमधल्या परित सुलोंग इथं मागं राहिलेल्या सुमारे दीडशे जखमींना मारून जाळण्यात आलं. त्यात बहुसंख्य ऑस्ट्रेलियन होते, पण ४५ व्या हिंदी ब्रिगेडचे जवानही होते. हे आवर्जून सांगतो, कारण या घटनेच्या बहुतेक वर्णनांत ऑस्ट्रेलियनांची नावं येतात आणि हिंदी जवान एका शब्दात उरकले जातात.

फॅरर पार्क हे आज ईशान्य मार्गावरचं मेट्रो स्थानक आहे, लिटल इंडियाच्या पुढचं. त्या काळी इथं घोड्यांच्या शर्यतींचं जुनं मैदान होतं. शरणागतीनंतर गोऱ्या सैनिकांना चांगीकडे चालत जायचा हुकूम झाला आणि हिंदी सैनिकांना या मैदानावर यायचा. हे वेगळं करणंच मोठं होतं. १७ फेब्रुवारीला ४०,००० हून अधिक हिंदी सैनिक मैदानावर जमले. एका ब्रिटिश कर्नलनं चार शब्दांत त्यांना जपान्यांच्या स्वाधीन केलं आणि तो निघून गेला. मग जपानी सैन्याचे मेजर फुजिवारा इवाइची बोलले, त्यांच्यानंतर आझाद हिंद सेना उभारणारे कॅप्टन मोहनसिंग. मैदानावरचा प्रत्येक जण त्या दुपारी एका प्रश्नापुढं उभा होता : ज्या राजाची शपथ घेतली त्याच्याच अधिकाऱ्यानं आपल्याला सोपवून दिलं, तर आता आपण कुणाचे? हजारो जण आझाद हिंद सेनेत गेले. हजारो गेले नाहीत, आणि त्यांतल्या अनेकांना कामकरी तुकड्यांत घालून न्यू गिनी, न्यू ब्रिटन, पलाऊ अशा दूरच्या बेटांवर जहाजांनी पाठवण्यात आलं. न गेलेल्यांबद्दल आपल्याकडे फार कमी लिहिलं जातं.

बेटाच्या पूर्व टोकाला चांगी. विमानतळामुळं हे नाव सगळ्यांना माहीत असतं. चांगी चॅपल आणि संग्रहालय २०२१ मध्ये नव्यानं उघडलं. कैद्यांनी लिहिलेल्या रोजनिश्या, डब्यांपासून बनवलेल्या वस्तू, भिंतीवरच्या चित्रांच्या प्रतिकृती असं बरंच तिथं आहे. शेजारच्या सेलारंग बराकी लष्कराच्या ताब्यात असल्यानं आत जाता येत नाही. पण शरणागतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एकमेकींवर सरळ आदळल्या त्या याच बराकींत.

ऑगस्ट १९४२ अखेर नवे छावणीप्रमुख जनरल फुकुएई शिम्पेई यांनी सगळ्या कैद्यांना एका कागदावर सही करायला सांगितलं : मी पळून जायचा प्रयत्न करणार नाही. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैन्यात कैद्यानं पळायचा प्रयत्न करणं हे कर्तव्य मानलं जाई. त्यांनी सही नाकारली. जपानी अधिकाऱ्यांना हे अनाकलनीय होतं. जो शरण आला त्यानं लढणं सोडलं. मग तो अजून लढत कसा? २ सप्टेंबरला सुमारे १५,००० कैदी एका पलटणीसाठी बांधलेल्या या बराकींच्या चौकात कोंबण्यात आले. पाण्याचे दोनच नळ. त्याच दिवशी पूर्वी पळून पकडलेल्या चौघांना, दोन ऑस्ट्रेलियन आणि दोन ब्रिटिश, किनाऱ्यावर नेऊन गोळ्या घातल्या. बंदुका चालवायला आणलेले पहारेकरी जपान्यांच्या बाजूला गेलेले हिंदी शिपाई होते. आपल्याला हे वाचताना जड जातं, पण ते झालं आहे आणि ते लपवून आझाद हिंद सेनेचा मान वाढत नाही. आमांशानं माणसं मरू लागली तेव्हा कैद्यांच्या अधिकाऱ्यांनी ‘जबरदस्तीनं’ अशी नोंद करून सही करायचा हुकूम दिला. अनेकांनी खोट्या नावानं सह्या ठोकल्या.

कायदा इथं स्पष्ट होता. १९०७ च्या हेग नियमांनुसार पळताना पकडलेल्या कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते. शस्त्र खाली ठेवलेल्याला मारणं आणि ‘कुणालाही जिवंत सोडणार नाही’ असं जाहीर करणंही त्याच नियमांनी निषिद्ध होतं. जपाननं ते नियम मान्य केले होते. १९२९ च्या जिनिव्हा करारावर मात्र त्यानं सही केली आणि पुढं मंजुरी दिली नाही. १९३४ मध्ये लष्कर-आरमाराकडून आलेल्या आक्षेपांत एक कारण असं होतं : जपानी सैनिक कैदी व्हायची अपेक्षाच ठेवत नाही, त्यामुळं या कराराचं ओझं एकट्या जपानवर पडेल.

इथं बहुतेक पुस्तकं आणि गाइड एक सोपं उत्तर देतात. सामुराई परंपरा, बुशिदो, शरण जाण्यापेक्षा मरण बरं. म्हणून शरण आलेल्या शत्रूची किंमत शून्य. मला हे उत्तर पटत नाही, आणि ते पटू नये यासाठी पुरावा जपानच्याच इतिहासात आहे. १९०४-०५ च्या युद्धात पकडलेल्या रशियन सैनिकांना जपाननं इतकं नीट वागवलं की मात्सुयामा शहरातलं त्यांचं कब्रस्तान तिथले लोक आजही सांभाळतात. पहिल्या महायुद्धातले जर्मन कैदी तोकुशिमाजवळच्या बांदो छावणीत पाव भाजत, वर्तमानपत्र छापत आणि १ जून १९१८ रोजी त्यांनी तिथं बेथोव्हनची नववी सिंफनी पूर्ण वाजवली. म्हणजे चांगीच्या अवघ्या २४ वर्षं आधी. संस्कृती इतक्या थोड्या काळात बदलत नाही, हुकूम बदलतात. १९३२ मध्ये शांघायला बेशुद्धावस्थेत पकडला गेलेला मेजर कुगा सुटून आल्यावर त्यानं रणांगणावर परत जाऊन आत्महत्या केली आणि वर्तमानपत्रांनी, चित्रपटांनी त्याला देवत्व दिलं. १९३९ च्या नोमोनहानच्या लढाईनंतर सोव्हिएत कैदेतून परतलेल्या अधिकाऱ्यांपुढं पिस्तुलं ठेवण्यात आली. जानेवारी १९४१ मध्ये युद्धमंत्री तोजो यांच्या नावानं निघालेल्या सैनिकी आचारसंहितेत कैदेची लाज पत्करून जगू नये असं लिहिलं गेलं. जपानला आपल्या पोरांना आधी ही शिकवण द्यावी लागली. ती उपजत असती तर पत्रक काढायची गरजच नव्हती.

ती शिकवण किती खोल गेली याचं टोक ऑस्ट्रेलियातल्या कौरा गावात दिसतं. तिथल्या छावणीत इटालियन आणि जपानी कैदी शेजारशेजारच्या आवारांत होते. इटालियन भाज्या पिकवत, गात, शेतावर कामाला जात. अन्न आणि कायदा तोच असलेल्या शेजारच्या आवारातल्या हजाराहून अधिक जपान्यांतले बरेच जण खोट्या नावानं नोंदले होते, घरी कळू नये म्हणून. ५ ऑगस्ट १९४४ च्या पहाटे ते बेसबॉलच्या बॅटी आणि जेवणाच्या सुऱ्या घेऊन तारेवर धावून गेले. चार ऑस्ट्रेलियन आणि २३० हून अधिक जपानी मेले, त्यांतले काही स्वतःच्या हातानं.

आता शहराच्या मधोमध, सिटी हॉल स्थानकापाशी. जुनी नगरपालिका आणि जुनं सर्वोच्च न्यायालय या दोन इमारती जोडून २०१५ मध्ये राष्ट्रीय कलादालन उघडलं. लोक आग्नेय आशियाची चित्रं पाहायला येतात, ती पाहण्यासारखी आहेतच. पण नगरपालिकेच्या बाजूच्या सभागृहात १२ सप्टेंबर १९४५ रोजी माउंटबॅटन यांच्यासमोर जनरल इतागाकी सेइशिरो यांनी शरणागतीवर सही केली आणि न्यायालयाच्या बाजूला चारच महिन्यांत युद्धगुन्ह्यांचे खटले उभे राहिले. लाकडी न्यायदालनं आणि आरोपींच्या कोठड्या राखून ठेवल्या आहेत. पाच मिनिटांत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाता येतं.

१९४६ ते १९४८ या काळात ब्रिटिशांनी सिंगापुरात १३१ खटले चालवले. तपासाच्या कामात आघाडीवर होता तो मेजर, आता कर्नल, सिरिल वाइल्ड. मधल्या काळात त्यानं सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर कैदी म्हणून माणसं मरताना पाहिली होती. तोक्योच्या न्यायाधिकरणापुढं साक्ष देऊन परतताना सप्टेंबर १९४६ मध्ये हाँगकाँगला विमान अपघातात तो गेला.

पहिलाच खटला, जानेवारी १९४६ चा, हिंदी कैद्यांचा होता. सिंगापूरहून पलाऊला नेलेल्या या जवानांना उपाशी ठेवणं, मारहाण आणि एकाचा शिरच्छेद, असे आरोप गोझावा सादाइची आणि इतर नऊ जणांवर होते. ऑस्ट्रेलियनांनी न्यू ब्रिटनमधल्या रबाऊल इथं चालवलेल्या खटल्यांतही हिंदी कैद्यांची प्रकरणं बरीच आली आणि तिथं बचाव पक्षाचा एक मुद्दा परत परत यायचा : ही माणसं युद्धकैदी नव्हतीच, ती खुशीनं आमच्या कामकरी तुकड्यांत आली होती. कैदीच नाही तर कैद्यावरचा गुन्हा कुठला? न्यायालयांनी ते मानलं नाही.

रबाऊलचाच एक खटला, तानाका चुइची आणि आणखी दोघांवरचा, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शीख कैद्यांना खांबाला बांधून मारलं, त्यांचे केस आणि दाढ्या कापल्या, आणि एकाला सिगारेट ओढायला लावली. ज्याला शीख धर्म माहीत नाही त्याला मारहाणीपुढं केस कापणं आणि सिगारेट क्षुल्लक वाटेल. न्यायालयानं ते क्षुल्लक मानलं नाही आणि आरोपींना दोषी ठरवलं. कैद्याच्या देहाबरोबर त्याच्या धर्माचा आणि सन्मानाचाही मान राखायचा असतो, हे हेग आणि जिनिव्हात लिहिलेलंच होतं. ते एका शीख शिपायाच्या दाढीला लागू झालं. अपमान करणाऱ्याच्या रीतीभाती न पाहता, ज्याचा अपमान झाला त्याच्या दृष्टीनं गुन्हा तोलला गेला, ही त्या न्यायालयाची मोठी गोष्ट.

तोक्योच्या निकालपत्रात एक तुलना आहे : जर्मनी आणि इटलीच्या हाती पडलेल्या अमेरिकन व ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या कैद्यांपैकी ४ टक्के मेले, जपानच्या हाती पडलेल्यांपैकी २७ टक्के. हे आकडे नेहमी दिले जातात. त्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा : त्याच जर्मन सैन्याच्या कैदेत ३० लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक मेले. एकच सैन्य, एकच कायदा, पण कुणाला माणूस मानायचं याचे दोन वेगळे हुकूम. आपल्याकडे न्या. राधाबिनोद पाल यांच्या तोक्योतल्या भिन्नमताचा उल्लेख अभिमानानं होतो. विजेत्यांच्या न्यायाबद्दलची त्यांची शंका रास्त होती, पण कैद्यांवरचे अत्याचार झालेच नाहीत असं त्यांनी कधी म्हटलं नाही, एवढं आपण विसरू नये.

ही शंका किती रास्त होती ते हौगांग भागातल्या जपानी कब्रस्तानात कळतं. छोट्या बंगल्यांच्या वस्तीत, बोगनवेलीच्या मांडवाखाली, बरीच थडगी एकोणिसाव्या-विसाव्या शतकात इथं आणलेल्या गरीब जपानी मुलींची आहेत. एका कोपऱ्यात चांगीत फाशी गेलेल्या १३५ जणांचं स्मारक आहे. शेजारी, १९४५ ते १९४७ दरम्यान कामावर मेलेल्या जपानी सैनिकांचीही आठवण आहे. हे सैनिक युद्धकैदी नव्हते. शरण आलेल्या लाखो जपान्यांना ब्रिटिशांनी ‘शरणागत जपानी कर्मचारी’ अशा नव्या वर्गात टाकलं. कैदी म्हणवून घ्यायची लाज त्यांनाच वाटते, हे कारण सोयीचं पडलं. कैदी नाहीत, म्हणजे कैद्याचं वेतन नाही, कराराप्रमाणं शिधा नाही. गोद्या आणि धावपट्ट्यांवर त्यांच्याकडून १९४७ सालातही काम करून घेतलं गेलं. चांगीतल्या क्रौर्याशी याची बरोबरी होत नाही, मी ती करतही नाही. पण पळवाट तीच होती.

ती बुजवली १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानं. जुन्या करारात पकडलेल्या सैनिकाचा उल्लेख होता. नव्यात शत्रूच्या हाती कसाही पडलेला सैनिक कैदीच, आणि हे हक्क त्यानं स्वतः सोडतो म्हटलं तरी सुटत नाहीत. कैद्याला कैदी असण्याची लाज वाटते की नाही, हा प्रश्नच कायद्यानं बाजूला ठेवला.

शेवटी उत्तरेला क्रांजी. मेट्रो स्थानकापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. टेकडीवर ४,४०० हून अधिक थडगी आणि वर सिंगापूर स्मारकाच्या भिंतींवर २४,००० हून अधिक नावं, ज्यांना थडगं मिळालं नाही त्यांची. पंजाबी, डोगरा, गढवाली, बलुच, जाट, गुरखा पलटणींची नावं वाचत गेलं की तास सहज जातो. दहनसंस्कार झालेल्या सुमारे ८०० जणांचं वेगळं स्मारक आहे, त्यात बहुतेक हिंदी. मराठा पलटणींच्या कैदेची आठवण मला इथं झाली, पण ती पहिल्या महायुद्धातली : २९ एप्रिल १९१६ रोजी कूत-अल-अमाराला तुर्कांना शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांचा सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि जवान वाळवंट तुडवत चालत गेले, हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. तिथं तर एकच शत्रू, एकच शरणागती आणि तरी दोन वागणुकी, हुद्द्यानुसार.

क्रांजीच्या भिंतीवर जे राजाच्या शपथेशी राहिले ते आहेत. फॅरर पार्कच्या त्याच मैदानावरून जे दुसऱ्या बाजूला गेले, त्यांच्यासाठी शहरात परत यावं लागतं. एस्प्लनेड पार्कमध्ये, पाडांगच्या पलीकडे, सुभाषबाबूंनी जुलै १९४५ मध्ये पायाभरणी केलेलं आझाद हिंद सेनेचं स्मारक होतं. त्यावर इत्तफाक, एतमाद, कुर्बानी असे शब्द होते. ब्रिटिश परतल्यावर सप्टेंबरमध्ये माउंटबॅटन यांच्या हुकमानं ते सुरुंगानं उडवण्यात आलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात सुरू झालेल्या खटल्यात भुलाभाई देसाईंनी याच सैनिकांच्या बाजूनं युक्तिवाद केला, की पारतंत्र्यातल्या लोकांनाही स्वातंत्र्यासाठी युद्ध करायचा हक्क आहे आणि त्यांचे सैनिक हे सैनिकच. न्यायालयानं आरोपी असलेल्या तिन्ही अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं, पण जन्मठेप रद्द करावी लागली. सिंगापूर सरकारनं १९९५ मध्ये त्या जागी फलक लावला. कलादालनातून चालत दहा मिनिटांवर आहे. क्रांजीला जाणाऱ्यानं इथंही यावं, आणि इथं येऊन छायाचित्र काढणाऱ्यानं क्रांजीलाही जावं.